शिप्रा, पुवा आणि वीटभट्टीवरची आई



नाताळचा गोठा अजून आपण आवरलेला नाही आणि आज, पवित्र कुटुंबाच्या सणाला, ते कुटुंब रातोरात निघून गेल्याचे शुभवर्तमानात ऐकतो. संत मत्तय फार थोडक्यात सांगतो. योसेफाला स्वप्नात सूचना मिळते, तो अंधारातच उठतो आणि मिसर देशाची वाट धरतो. परक्या देशात त्यांना आसरा कोणी दिला, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला दोन घास कोणी वाढले, याविषयी शुभवर्तमान गप्प आहे. पण कोणीतरी वाढले असणार. मत्तयाच्या या उताऱ्यात एक गोष्ट मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. तो बाळाचा आणि आईचा उल्लेख जोडीनेच करतो, एकदा नव्हे तर चार वेळा. देवदूताने योसेफावर दोन वेगवेगळी कामे सोपवली नाहीत. बाळ आणि आई मिळून एकच जबाबदारी त्याच्या हाती दिली.

अशी कुटुंबे दर वर्षी दिवाळीनंतर आपल्या दारातही येतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतली भातकापणी उरकली की वारली, कातकरी बांधव वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. बयाणा मोसमाआधीच घेतलेला असतो. मजुरी हजार विटांमागे ठरते, नवराबायकोची मिळून. मधल्या काळात आठवड्याच्या बाजारासाठी खर्ची मिळते, तीही शेवटी हिशेबात कापली जाते. पहाटे दोन-तीन वाजता चिखल मळायला सुरुवात होते. पोटुशी बाईही त्यात असते, कारण ती बसली तर जोडी मोडते आणि जोडी मोडली की बयाणा फिटत नाही.

तिचे काय होते ते नीट समजून घेऊ. गावी तिसऱ्या महिन्यात आशाताईने तिची नोंद केलेली असते. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालेले असते, लोहाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेत अंगणवाडीत चौरस जेवण शिजते. मग सहाव्या महिन्यात ती टेम्पोत बसून भट्टीवर येते. जेवण गावी राहते, गोळ्या संपतात, रक्त तपासणारे कोणी नसते. इथल्या आशाताईची यादी इथल्या घरांची असते, त्यात हिचे नाव नाही. तिथली आशाताई घराला कुलूप बघून परत जाते. दोघींपैकी कोणीही कामचुकार नाही, तरी बाई मधल्यामध्ये हरवते.

गेल्या मोसमात धर्मभगिनींबरोबर आम्ही पूर्वेकडच्या एका भट्टीवर गेलो होतो. एका भोंग्यात (भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात) बावीस-तेवीस वर्षांच्या एका आईने आढ्याला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून कार्ड दाखवले. पहिली पाने भरलेली होती. पुढे सगळे कोरे. झोळीत दोन आठवड्यांचे बाळ होते, भोंग्यातच जन्मलेले आणि अजून एकदाही वजन न झालेले. सकाळी दवाखान्यात गेली का नाहीस, असे सिस्टरांनी विचारले. ती म्हणाली, "बाळाची सुई मंगळवारी असते आणि माझा ताप दाखवायचा तर दुसऱ्या वारी. दोन खाडे कोण देईल?"

तिने दोन वाक्यांत जे सांगितले त्यासाठी आरोग्याच्या परिषदांत 'एकात्मिक सेवा' असा जड शब्द वापरतात. आईचा रक्तदाब एका खिडकीवर, बाळाची लस दुसऱ्या खिडकीवर, शिधा तिसऱ्या कचेरीत आणि प्रत्येक खिडकीचा वार निराळा. सेमिनरीत संत थॉमस शिकताना एक मुद्दा आमच्या मनात पक्का बसला होता. माणूस म्हणजे शरीर अधिक आत्मा अशी बेरीज नव्हे, तो मुळातच एक आहे. ओल्या बाळंतिणीच्या बाबतीत हे समजायला तत्त्वज्ञान लागत नाही. तिचे रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचे होते. तिला विश्रांती नसेल तर बाळाला वेळेवर दूध मिळत नाही. बोगोटा शहरातल्या एका इस्पितळात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवले आणि बाळे जगली. आज ही पद्धत जगभर वापरली जाते. जानेवारीच्या थंडीत बाळाला पेटत्या भट्टीच्या कडेला, धुरात, उबेसाठी ठेवलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांनी हे त्या आईला जरूर सांगावे. मात्र छातीशी धरायला आईला वेळ हवा, आणि तो तिच्या हातात नाही.

आता जुन्या कराराकडे वळू. निर्गम ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात इस्राएल लोक परक्या देशात कष्ट करतात, आणि ते कष्ट विटांचे आहेत. पुढे पाचव्या अध्यायात फारो त्यांचा पेंढा बंद करतो, पण विटांची संख्या कमी करत नाही. याच कथेत दोन सुइणी आहेत, शिप्रा आणि पुवा. मुलगा झाला तर मारून टाका, असा त्यांना हुकूम आहे. त्या देवाला भितात आणि मुले जगू देतात. त्या बलाढ्य फारोचे नाव पवित्र शास्त्रात नोंदलेले नाही, या दोन सुइणींचे मात्र आहे. (साध्या वारी मिस्सात हा अध्याय वाचला जातो, तेव्हा नेमक्या या ओळी वगळलेल्या असतात. म्हणून घरी बायबल उघडून वाचाव्यात.)

फारोने जाब विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिले की इब्री बाया दणकट असतात, सुईण पोहोचण्याआधीच मोकळ्या होतात. अगदी असेच बोलणे आपल्या अंगणांत आम्ही ऐकतो. "फादर, या बायका काटक. काल विटा थापत होती, आज बाळंत झाली." शिप्रा आणि पुवा हे बोलल्या ते बाळांना वाचवण्यासाठी, स्वतःचा जीव धोक्यात घालून. आपण तेच बोलतो आणि गाडी काढायचे टाळतो. काटक म्हणवल्या जाणाऱ्या त्या बाईचे रक्त तपासा. गरोदरपणी हिमोग्लोबिन किमान ११ असावे लागते. सातच्या खाली उतरले तर बाळंतपणात होणारा थोडासा रक्तस्रावही जिवावर बेततो.

सरकार काही करत नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि ते खरेही नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीतले बालमृत्यू गाजले, तेव्हापासून पुष्कळ बदलले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावले आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली हे जगापुढे आले आणि २०११ पासून देशभर आशाताई त्याच धर्तीवर बाळाच्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी भेटी देतात. त्याच वर्षापासून सरकारी इस्पितळात बाळंतपण, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. २०२२ साली स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणक प्रणालीही राज्यात आली. त्याआधी तिची चाचणी झाली त्या जिल्ह्यांत आपला पालघर होता. पण संगणकातली नोंद स्वतः चालत भट्टीवर जात नाही. या भोंग्यात एक बाळंतीण आहे, हे इथल्या आरोग्य उपकेंद्राला कोणीतरी कळवावे लागते. ते कळवणारे आपण असू शकतो.

आपल्यापैकी काहींचा भट्टीशी धंद्याचा संबंध आहे. उरलेल्या सगळ्यांचा विटेशी आहे, आपल्या चर्चच्या कुंपणापासून माडीच्या घरांपर्यंत. म्हणून भट्टीवाल्या बांधवांना थेट विनंती करतो. महिन्यातून एक दिवस नर्सताई आणि अंगणवाडीताई यांना भट्टीवर येऊ द्या, आणि त्या दिवशी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांची खर्ची कापू नका. आईची तपासणी, बाळाचे वजन, लस आणि पुढच्या पाळणा लांबवण्याचा सल्ला हे सगळे एकाच झाडाखाली, एकाच सकाळी होऊ शकते. सातव्या महिन्यानंतर तिला डोक्यावर विटा वाहायला लावू नका. आणि बाळंत झाल्यावर निदान ते बेचाळीस दिवस तिचा बयाणा मागे लावू नका.

आणखी एक स्पष्ट सांगतो. तिथे आपण धर्म सांगायला जात नाही. कोणी तसा संशय घेतला तर रागावू नये, काय करतो ते दाखवावे.

आपल्या धर्मग्रामात परिचारिकेचे काम केलेल्या पुष्कळ भगिनी आहेत, काही निवृत्तही. त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी रात्री कोणत्या वारी गाडी देता येईल ते लिहावे. रुग्णवाहिकेचे १०८ आणि १०२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले फलक युवकांनी तयार केले आहेत. ते या आठवड्यात प्रत्येक भट्टीवर लागतील. पहिली भेट येत्या गुरुवारी सकाळी आहे. ज्या आईचे कार्ड अर्धवट राहिले आहे तिने ते बरोबर आणावे, आणि जिच्याकडे कार्डच नाही तिला तिथेच नवीन करून मिळावे, असे उपकेंद्राशी बोलणे झाले आहे. वजनकाटा सिस्टर घेऊन येतील.