‘कुत्रा पाळायचा तर खर्च करा’ असे पुन्हा म्हणू नका

ही चिठ्ठी सगळ्यांनी नीट बघा. औषध कंपनीच्या पॅडचा अर्धा फाडलेला कागद आणि त्यावर ‘मेलॉक्सिकॅम, रोज एकदा’ एवढेच खरडलेले. तारीख नाही, सही नाही, मालकाचे नाव-पत्ता नाही, डोस नाही, एकूण किती औषध द्यायचे तेही नाही. मेडिकलवाल्याने ती परत केली आणि बरोबरच केले. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम या प्रत्येक गोष्टीची मागणी करतो. जनावराच्या चिठ्ठीवर मालकाचे नाव-पत्ता हवा, हेही त्यात लिहिलेले आहे. परीक्षेत हा नियम घडाघडा लिहिलात. ओपीडीत तो कुठे गेला?

आता पुढचे ऐका. मालक रिक्षा चालवतात. कुत्रा बारा वर्षांचा, वीस किलोचा, मागचे दोन्ही पाय आखडलेले. त्यांनी तुम्हाला विचारले होते, “डॉक्टर, यापेक्षा स्वस्त काही आहे का?” त्यावर तुमच्यापैकी एकाने सुनावले, “कुत्रा पाळायचा तर खर्च करावाच लागतो.” औषध मिळाले नाही आणि परत तुमच्याकडे यायची हिंमत उरली नाही. रात्रभर कण्हणे ऐकवेना, म्हणून त्यांनी आईच्या गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली. आज तो कुत्रा टेबलावर आहे. हिरड्या पांढऱ्याफटक, शी डांबरासारखी काळी.

मालकाला अडाणी म्हणू नका. त्याला हे माहीत असणे अपेक्षित नव्हते, तुम्हाला होते. दुखणे वाढवणारी प्रोस्टाग्लँडिने रोखताना ही औषधे जठराचे अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारीही रोखतात. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. हा इतिहास आपल्याच व्यवसायातला आहे. आपण विसरायचा, तर लक्षात कोणी ठेवायचा?

परवडणे हा उपचाराचाच भाग आहे. मालक जे विकत घेऊ शकत नाही, ते तुम्ही दिलेच नाही असे समजा. “महिन्याला किती जमेल?” हे चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचे. विचारताना आवाज खाली ठेवायचा, रांगेतल्या चौघांना ऐकू जाता कामा नये. औषधाचे मूळ नाव लिहायचे, म्हणजे स्वस्त कंपनीचे घेता येते. वीस किलोच्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी ४ मिलिग्रॅम, पुढे रोज २. माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमची येते, म्हणजे रोजच्या डोसाच्या सातपटीहून जास्त. घरातली गोळी का द्यायची नाही, हे आकड्यांत समजावून सांगा, नुसते “देऊ नका” म्हणून भागत नाही. उलटी, काळी शी, खाणे बंद, यांपैकी काहीही दिसले की औषध थांबवून लगेच यायचे, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा. मूत्रपिंडाची रक्ततपासणी टाळता येणार नाही, पण बाकीच्या कोणत्या तपासण्या थांबू शकतात तेही सांगा. वजन उतरवणे आणि गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी घट्ट बसवणे, यांना पैसे लागत नाहीत. तेही उपचारच आहेत.

आणि तेच औषध किती वेळा द्यायचे हे चिठ्ठीवर लिहायची मुभा नियमातच आहे. जुनाट दुखण्याच्या रुग्णाला दर वेळी नुसत्या चिठ्ठीसाठी फी भरायला लावू नका. पुढच्या तपासणीची तारीख मात्र तिथेच टाका.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम तुम्ही मालकांना ऐकवता, की जनावराला विनाकारण वेदना होऊ न देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे. तो माणूस तेच कर्तव्य करायला तुमच्या दारात आला होता. दार तुम्ही लावलेत.

चिठ्ठी कोणी लिहिली हे मी विचारत नाही, अक्षर ओळखतो. त्याने आत्ता बाहेर जावे आणि मालकांना स्पष्ट सांगावे की चूक आमची होती. सलाईन, औषधे, तपासण्या मिळून पुढे किती खर्च येईल, तो आकडाही आजच, पैसे मागण्याआधी सांगावा. बाकीच्यांनी या महिन्यातली आपली प्रत्येक चिठ्ठी उद्या सकाळी माझ्या टेबलावर ठेवावी.