शब्द कुणाचे, आवाज कुणाचा

'गिंग नांग बॉइझ' या जपानी रॉक बँडचं 'बेबी बेबी' हे प्रेमगीत २००५ सालच्या त्यांच्या अल्बममध्ये आहे. बँडचा गायक मिनेता काझुनोबू यानेच ते लिहिलं आणि त्यानेच गायलं. भाषेचा गंध नसलेल्या माणसालाही ते आत कुठेतरी लागतं आणि मग 'किती मनापासून गायलंय' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर पुरत नाही. मनापासून म्हणजे नेमकं काय केलं त्याने?

गाण्यातला मुलगा रात्रीच्या झगमगत्या शहरात आहे. समोर ती आहे की तिचा भास, हे त्याचं त्यालाच उमगत नाही. अशा जागी आपल्या सिनेमातला नायक शपथा घेतो, साता जन्मांचे वायदे करतो. हा मुलगा एकही वायदा करत नाही. तिच्यासाठी कायम जगत राहण्याची भाषा त्यालाही येते; पण ती तो प्रश्न म्हणून उच्चारतो, आणि तोही स्वतःलाच: आपल्याला हे झेपेल का? विचारताना त्याचा आवाज ताणला जातो, फाटतो, आणि तो फाटका आवाज तसाच ठेवलेला आहे. गाण्याचा अर्थ मला इथे सापडतो. तिच्यावरच्या प्रेमाबद्दल त्याला शंका नाही, आपल्या कुवतीबद्दल आहे, आणि ती तो चारचौघांत बोलून दाखवतो. पुरुषाच्या प्रेमगीतात एवढा उघडेपणा क्वचित भेटतो.

पण त्या मुलीचं काय? अख्ख्या गाण्यात ती एक अक्षर बोलत नाही. शब्द त्याचे, आवाजही त्याचाच. ती आहे ती फक्त त्याला हुरहूर लागावी म्हणून.

सोलापूरच्या माणसाला हे विशेष जाणवायला हवं, कारण आपल्या गावच्या प्रेमगीताची मांडणी बरोबर उलटी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेले राम जोशी हे पुराणिकांच्या घरातले. थोरले बंधू मुद्गल जोशी नावाजलेले विद्वान. धाकट्याचा पाय मात्र तमाशाच्या फडाकडे वळला आणि भावाने त्यांना घराबाहेर काढलं, असं परंपरा सांगते. पुढे पंढरपुरी शास्त्राभ्यास झाला, मोरोपंतांचा स्नेह लाभला, कीर्तनंही झाली. तरी त्यांची ओळख राहिली ती लावणीमुळे. या लावणीत बहुधा बाई बोलते. रुसते ती, आर्जव करते ती, सख्याला टोचून बोलते तीही तीच. शब्द मात्र पुरुषाचे आणि समोरचे ऐकणारेही पुरुषच.

म्हणून ती खोटी, असं म्हणायला मी तयार नाही. बैठकीची लावणी जवळून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. पेटी आणि तबला लागलेला असतो, बाई बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा भुवई उचलून, मग मान जराशी वळवून, मग पदराचं टोक दोन बोटांत धरून. पहिल्या वेळी जी विनवणी होती ती तिसऱ्या वेळी टोमणा झालेली असते, पाचव्या वेळी निव्वळ थकवा. कवीने एकच ओळ लिहिली होती. हे बाकीचे अर्थ तिचे आहेत. उसन्या शब्दांत आपलं म्हणणं घुसवण्याची ही कला आहे आणि मिनेताच्या फाटक्या आवाजाइतकंच धाडस तिला लागतं. माझ्या लेखी जास्तच लागतं. मिनेताचा सूर सुटला तर लोक त्याला सच्चा म्हणतात. तिचा सूर सुटला तर पुढची सुपारी जाते.

ही किंमतच मला निर्णायक वाटते. १९४७ साली राजकमलच्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटाने राम जोशींची कहाणी महाराष्ट्रभर नेली. जयराम शिलेदार राम जोशी झाले, हंसा वाडकर त्यांच्या फडातली कलावंतीण बया. आपल्याला हळहळ वाटते ती विद्वान ब्राह्मणाच्या मुलाने प्रतिष्ठा गमावल्याची. त्यांनी मोल मोजलं हे खरंच. पण राम जोशींना परतीची वाट होती. कीर्तनाला उभं राहिलं की ते पुन्हा शास्त्रीबुवा. बयेला फडाबाहेर तसं दुसरं कोणतं आसन होतं? प्रेमगीत मनापासूनचं आहे की नाही हे पाहताना, गाणाऱ्याने काय पणाला लावलं आणि त्याला मागे फिरता येत होतं का, हे विचारायला हवं. त्या हिशेबात बया राम जोशींच्या पुढे जाते. आणि तरी तिचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आलेले नाहीत.

शब्द बाईचे आणि आवाजही बाईचाच, असं गाणं आपल्याकडे नव्हतं असं नाही. ते जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेडोपाडी लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्यांत भाऊ आहे, आई आहे, लेक आहे, आणि पंढरीचा विठ्ठल तर जागोजागी. तो बाप होतो, भाऊ होतो, रुक्मिणीशी भांडणारा नवरा होतो. बाई त्याच्याशी हक्काने बोलते. स्वतःच्या नवऱ्याशी, अमक्या रात्री तू असा का वागलास, असं ती इतक्या मोकळेपणी बोललेली फारशी आढळत नाही. जातं घरातच असायचं आणि ऐकणारीही घरचीच. विठ्ठलाला सांगितलेलं सासूच्या कानी पडलं तर ती भक्ती ठरे. नवऱ्याचं नाव घेऊन हेच गायलं असतं तर भाकरी भाजायच्या आधीच घरात वाद पेटला असता. ज्या बाईकडे शब्द आणि आवाज दोन्ही होते, तिला आपलं प्रेम देवाच्या पत्त्यावर धाडावं लागलं. आपण त्याला भक्तिगीत म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलं आणि मराठी प्रेमगीताचा इतिहास शाहिरांपासून मोजत बसलो.