अडलेला पारा

वर्धेकराला उष्णतेबद्दल कुणी शिकवू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, की आम्ही ‘आज जरा तापलंय, नाही?’ एवढंच म्हणतो. तरीही उष्णतेचा एक धडा मला टेक्सासमध्ये, पुतण्याच्या परसात मिळाला. आणि तोही डुकराच्या खांद्याकडून! सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर राहणाऱ्याने हे छापून सांगावं का, हा नैतिक प्रश्न आहेच. पण आजचा प्रश्न वेगळा आहे.

तिकडे हा खांदा धुरावर शिजवतात. लोखंडी पेटीत एका बाजूला लाकडाचे निखारे, दुसऱ्या बाजूला मांस. पेटी एकशे दहा अंशांच्या आसपास ठेवायची आणि बारा-चौदा तास वाट बघायची. खांदा हा जनावराचा राबणारा भाग, त्यामुळे चिवट. तो मऊ पडायला मांसाच्या पोटात नव्वदीच्या वर उष्णता जावी लागते, तीही सावकाश. यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे शेतात रोडगे करतात तेव्हा गोवऱ्यांचा जाळ आधी बसू देतात आणि मग कणकेचे गोळे निखाऱ्यात सोडतात. जाळावरच टाकले, तर वर कोळसा आणि आत कच्ची कणीक.

गंमत पुढेच आहे. पहिले काही तास मांसातला काटा झपझप चढतो आणि सत्तरीच्या आसपास येऊन अडतो. दोन तास, चार तास, ढिम्म हलत नाही. नवशिका घाबरून लाकडं कोंबतो. कारण मात्र अगदी आपल्या घरचं. मांसाला घाम सुटलेला असतो! वरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. जेवढी आत येते तेवढी बाहेर. आपला माठ आणि खिडकीतला वाळ्याचा कूलर दुसरं काय करतात? आणि काटा थांबलेला असताना आत चिवटपणा विरघळतच असतो.

हे ऐकताना मी मांसाकडे कमी आणि पुतण्याकडे जास्त बघत होतो. हाही असाच अडला होता. इंजिनिअरिंगच्या एकाच वर्षात तीन वर्षं! दादाने घरातली होती नव्हती ती सगळी लाकडं घातली: बोलणी, अबोला, शेजारच्या मुलाची गुणपत्रिका. वहिनी म्हणायची, ‘‘राहू द्या हो, सावरेल तो.’’ सावरला. म्हणजे वहिनी बरोबर, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण आमच्याच एका चुलत भावाबद्दल घरात वीस वर्षं ‘सावरेल’ म्हणत होते. तो अजून ओट्यावर बसलेला आहे. बाहेरून दोघं सारखेच दिसत होते हो! मग धीर कुठला आणि दुर्लक्ष कुठलं, हे ओळखायचं कसं?

पुतण्याकडे दोन काटे होते. म्हणाला, ‘‘काका, मांसाचा काटा अडला की मी पेटीचा बघतो. पेटी तापलेली असेल तर खुशाल झोपतो. उतरली असेल तर उठतो.’’

त्या तीन वर्षांत हा पोरगा गल्लीतल्या प्रत्येक कूलरची मोटर खोलून जोडत होता. १९३७ साली वर्ध्यातच परिषद भरवून गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. त्याच वर्ध्यात दादाला गुणपत्रिकेचा काटा तेवढा दिसत होता. चुलत भावाची पेटी कधी विझली, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. ‘सावरेल’ म्हणायला लाकूड लागत नाही ना!

घाई असेल त्याला तिकडे एक उपाय आहे. खांदा चंदेरी कागदात घट्ट गुंडाळायचा. घाम थांबतो, काटा चढतो. पण वरचं खमंग कवच मऊ पडतं. याला ते ‘टेक्सासची कुबडी’ म्हणतात. आपण शिकवणी म्हणतो.

एक अडचण उरतेच. पेटीचा काटा बाहेरून दिसतो. माणसाचा निखारा बघायचा तर झाकण उघडावं लागतं, आणि दर वेळी उघडलं की थोडी ऊब निघून जाते.

मध्येच दादाचा फोन आला. पोराने सकाळपासून काहीतरी शिजत घातलंय आणि पारा चार तास अडलाय, एवढंच मी सांगितलं. काय शिजतंय ते सांगितलं नाही. दादा म्हणाला, ‘‘मग बघत काय बसलाय गाढव? जाळ वाढव म्हणावं!’’