गोड बातमी कधी?

डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात कधीकधी डोहाळजेवण रंगतं. ठाणं येईपर्यंत ओटी भरून होते, पेढे वाटून होतात. त्याच डब्यात दाराशी एखादी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी असते. सोनोग्राफी उरकून ऑफिसला निघालेली. पुन्हा हाफ डे कोणत्या सबबीवर मागावा, हे तिला सुचत नसतं.

जागतिक आरोग्य संघटना 2023 मध्ये म्हणाली, जगात साधारण सहांपैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. म्हणजे त्या गच्च डब्यात ती एकटी नसावी. पण बोलणार कोण? परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती 6 ऑगस्ट 1986 रोजी. विज्ञान तेव्हापासून कुठल्या कुठे गेलं, आपली चौकशी मात्र तीच: गोड बातमी कधी?

उपचारांचा खर्च निदान बिलात दिसतो. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे दडवलेली इंजेक्शनं पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, ही धडपड कुठल्याच फाइलीत येत नाही. बारशी टाळली जातात. नवराबायकोची जवळीकसुद्धा कॅलेंडर ठरवतं.

आणि दोष पुरुषातही असू शकतो. तरी कित्येक घरांत त्याची साधी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी होते. मला विचाराल तर हा निव्वळ भित्रेपणा. तोही आतून खचलेला असतो, पण त्याला विचारतं कोण?

यंदा हळदीकुंकवाला तिलाही आवर्जून बोलवा. गप्पाच मारायच्या तर डोंबिवलीच्या फुले नाट्यगृहात कोणतं नाटक लागलंय, ते विचारा.