पंडुमाआधीचा आंबा

सुख दैवाधीन की अभ्यासाधीन, हा वाद आपल्याकडे पुरातन असला, तरी ज्याला दोन वेळचे अन्न, डोक्यावर छप्पर आणि बरीशी प्रकृती लाभली आहे, अशा गृहस्थाने रोज रात्री काहीतरी निसटल्याची हुरहूर उराशी घेऊन का निजावे, याचे उत्तर त्या वादातून सहसा हाती लागत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्या विवरणाच्या आरंभीच असे सुचवले आहे की या सुखात मनुष्य रमतो तो अभ्यासाने. त्यातले सात्त्विक सुख तर आधी विषासारखे कडू लागते आणि परिणामी अमृतासारखे होते. शंकराचार्यांनी या कडवटपणाचा संबंध ज्ञान, वैराग्य, ध्यान आणि समाधी यांच्या सायासांशी लावला. तो यथार्थच आहे. परंतु समाधीच्या वाटेला कधी न जाणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांच्या वाट्यालाही त्या कडवटपणाची एक प्राथमिक इयत्ता येते, आणि ती म्हणजे समोर तयार असलेल्या गोष्टीला, ती आपलीच असताना, ‘अजून नाही’ असे म्हणणे.

पतंजलींनी संतोषाची गणना नियमांत केली आहे, शौच, तप, स्वाध्याय यांच्या पंक्तीत. त्यांच्या लेखी संतोष हा काही भाग्यवंतांना जन्मतः मिळालेला स्वभाव नव्हे. स्नानासारखी रोज करावयाची ती गोष्ट आहे, आणि आजचे स्नान उद्याला पुरत नाही. त्याचे फळ म्हणून त्यांनी ज्याहून श्रेष्ठ नाही असे सुख सांगितले. आश्चर्य एवढेच की, हा नियम आपण पोथीत ठेवला आणि सुखाच्या शोधात मात्र दुकाने पालथी घातली.

या नियमाचे जिवंत आचरण पाहावयाचे तर अहेरीच्या बाजूला जावे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेकडील अहेरी हे पूर्वी आत्राम या गोंड राजघराण्याच्या विस्तीर्ण जमीनदारीचे ठाणे. पश्चिमेला वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निघालेली प्राणहिता, पलीकडच्या तीरावर तेलंगण, जवळच सागवानासाठी नावाजलेले आलापल्ली, आणि पूर्वेकडे एटापल्ली-भामरागडच्या दिशेने दाट होत जाणारे अरण्य, ज्यात माडियांची गावे विखुरली आहेत. या गावांत नवे पीक, नवे फळ एकदम तोंडात घालण्याची चाल नाही. आधी त्याचा पंडुम व्हावयाचा. म्हणजे गावाने दिवस ठरवावयाचा, पहिला वाटा देवाला आणि पूर्वजांना द्यावयाचा, आणि मगच ते फळ माणसांचे. आंबा डोक्यावर लोंबत असतो, मालकीचा वाद नसतो, पहारेकरीही नसतो; तरी पंडुमाआधी तो खाल्ला जात नाही.

वनशास्त्राचा अभ्यासक यात शहाणपण पाहील: फळाला पिकायला अवकाश मिळतो, कोय धरते, झाड कोवळेपणी ओरबाडले जात नाही. मला ते मान्य आहे. पण या चालीने खाणाऱ्याच्या मनावर काय घडते, तिकडे माझे लक्ष अधिक जाते. ज्याची वाट पाहिली त्या आंब्याला दिवस असतो, सोबत असते, आणि साऱ्या गावाच्या जिभेवर एकाच वेळी उतरणारी चव असते. नागपुरातल्या माझ्यासारख्या माणसाला ऐन थंडीत आंबा मिळतो, आणि यंदाचा पहिला आंबा कधी खाल्ला असे विचारले तर मात्र काही केल्या आठवत नाही.

ही गोष्ट वनवासी जीवनाची अपूर्वाई म्हणून सांगण्याचे कारण नाही. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचा घडा आणि आंबा दिल्याशिवाय आंब्याला हात न लावणारी वडीलधारी माणसे आपल्याही घरांत होती; नवान्न पौर्णिमेआधी नवे धान्य शिजत नसे; चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीच्या भरितातून पुन्हा पानात येई, आणि त्या दिवशी त्या सामान्य भाजीला जी प्रतिष्ठा लाभे ती वर्षभर रोज खाऊन तिला कधी लाभली नसती. आपण ही बंधने भाकड समजून एकेक करून बरखास्त केली. काही खरोखरच भाकड होती, विशेषतः ज्यांचा सारा भार घरातल्या विधवांच्या पानावर पडे ती. पण सरसकट साऱ्यांना रजा देताना, सुखाची वेळ ठरवण्याचा अधिकारही आपण व्यापाऱ्याच्या स्वाधीन केला, हे ध्यानात आले नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की पाहा, अरण्यातला माणूस अल्पात किती सुखी आहे! पाहुण्यांच्या तोंडी हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याचा मला कंटाळा आला आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाची मीमांसा आहे. तिथे मानुष आनंदाचे एक माप घेऊन त्याच्या शतपट, पुन्हा शतपट असे करीत ऋषी ब्रह्मानंदापर्यंत पोहोचतो, आणि प्रत्येक पायरीवर सांगतो, की निष्काम श्रोत्रियाला हा आनंद सहजच प्राप्त आहे. निष्कामतेचा हा गौरव आपण आवडीने सांगतो. पण ते पहिले माप कोणाचे? तरुण, सज्जन, अध्ययन केलेल्या, सुदृढ, बलवान माणसाचे, आणि त्यातही ज्याची सारी पृथ्वी वित्ताने भरलेली आहे अशाचे. श्रुतीने मोजणीचा आरंभ उपाशी माणसापासून केला नाही. व्यासभाष्यही संतोषाचा अर्थ हाताशी असलेल्या साधनांहून अधिक घेण्याची इच्छा नसणे असाच करते. अर्थात हाताशी काहीतरी साधन असणे त्यात गृहीत आहे.

मोहाचा हंगाम पाहिला म्हणजे हे नीट कळते. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले रात्रीच्या उत्तरार्धात गळू लागतात आणि उजाडेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडतो. फुले दिसावीत म्हणून खालचा पाचोळा आधीच झाडून, पुष्कळदा पेटवून, जमीन मोकळी केलेली असते. (वनखात्याचा यावर राग आहे, आणि वणव्यांकडे पाहता तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.) बायका आणि मुले टोपल्या घेऊन अंधारातच येतात. फूल मांसल, रसाळ, बोटांना चिकटणारे. ते तोडावे लागत नाही, एकेक वेचावे लागते, आणि ऊन चढेपर्यंत कमरेचा काटा ढिला होतो. अंगणात वाळत घातले की ते तांबूस तपकिरी होऊन आक्रसते आणि टोपलीचे वजन निम्म्याहून खाली येते. अमुक झाड अमुक घराचे, ही वहिवाट कोणत्याही दप्तरात नोंद नसता पाळली जाते. जे गळले ते घ्यावे, फांदीला हात लावू नये, शेजाऱ्याच्या झाडाखाली जाऊ नये: संतोषाचा नियम याहून स्वच्छ मला कुठल्या भाष्यात आढळला नाही.

पण हाच वाळलेला मोह आठवडी बाजारात तराजूवर चढतो तेव्हा काय होते? हंगामात घरात रोकड नसते, म्हणून माल पडेल त्या भावाने जातो, आणि पावसाळ्यात तोच मोह त्याच घराला चढ्या दराने परत घ्यावा लागतो. एके काळी तर तो मिठाच्या मोबदल्यात जाई. तराजूपुढे गप्प उभे राहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची शांती पाहून जो तिला संतुष्ट म्हणेल, त्याने नियम आणि नाइलाज यांतला भेद ओळखला नाही. पंडुमाआधी आंबा न खाणे हा नियम आहे, कारण खाण्याचा हक्क तिचा आहे आणि थांबण्याचा निर्णयही तिच्या गावाचा. पडत्या भावाने मोह देणे यात तिचा निर्णय कुठेच नाही. जमीनदारी 1950 च्या कायद्याने गेली, तरी जंगलावरचा लोकांचा हक्क कागदावर यायला 2006 चा वनहक्क कायदा व्हावा लागला.

याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे, धानोरा तालुक्यात, लेखा-मेंढा हे छोटेसे गोंड गाव आहे. तिथे कामकाज बहुमताने चालत नाही, सर्वसहमतीने चालते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, मग त्याला कितीही विलंब लागो. 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, परंतु बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. तो 2011 मध्ये मिळाला. तेव्हापासून बांबू किती तोडावयाचा आणि कोणत्या भावाने द्यावयाचा, हे दोन्ही ठरवण्याचा अधिकार एकाच ग्रामसभेकडे आला.