गळ कुठे टाकायचा?

शनिवारी रात्री आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न असतो, “उद्या कुठे?” मग लोकेशन पडायला लागतात. पवना, पानशेत, भाटघर, उजनी. मासा लागतो का, गाडी काठापर्यंत जाते का, कोणी हटकतं का, एवढं बघितलं की जागा ठरते. पहाटे पाचला निघायचं, गाडीच्या काचा वर करून मुठेवरचा पूल ओलांडायचा आणि तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या पाण्यात गळ टाकायचा. काचा वर का? नदीला वास येतो म्हणून.

कित्येक वर्षं यात मला काहीच विचित्र वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मावळातल्या एका धरणाच्या बॅकवॉटरला मला चांगला किलोभराचा रोहू लागला. फोटो काढला, गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात सोडला. आम्ही मासे घरी नेत नाही. पकडायचे आणि सोडायचे, हा आमचा नियम. बाजूला जाळं निवडत बसलेले एक काका बघत होते. म्हणाले, “खायचा नव्हता, तर बोलावला कशाला रं त्याला?”

मी हसलो. म्हटलं, “काका, सोडला ना. जिवंत आहे तो.”

“तू आत्ता सोडलास,” ते म्हणाले, “आम्ही आधी सोडला होता. त्याचं बी आमच्या सोसायटीनं टाकलंय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं.

रोहू आणि कटला हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांमधले मासे. आपल्या धरणांत ते बहुतेक ठिकाणी बोटुकली सोडून टिकवले जातात. मासेमारीचा ठेका साधारणपणे स्थानिक मच्छीमार सोसायटीकडे असतो. सोसायटी ठेक्याचे पैसे भरते, बोटुकली विकत घेऊन सोडते आणि ती वाढायची वाट बघते. शिवाय ज्या पाण्याला आपण ‘व्ह्यू’ म्हणतो, त्याच्याखाली कुणाचं तरी गाव असतं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, तो याच बुडणाऱ्या जमिनींसाठी.

मला वाटत होतं की मासा परत सोडला म्हणजे आपण कुणाचं काही लागत नाही. पण मी फक्त माशाचा हिशेब केला होता. पाण्याचा केलाच नव्हता. मी ज्याला लांबचं, निवांत, कुणाचंच नसलेलं पाणी समजत होतो, ते त्या काकांचं घराजवळचं पाणी होतं.

मग माझं घराजवळचं पाणी कोणतं?

विल्यम हेन्री साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने मुळा-मुठेतल्या एका महसीरची शास्त्रीय नोंद केली आणि त्याला नाव दिलं ‘खुद्री’. हे नाव त्याने इथल्याच लोकांच्या तोंडून उचललं होतं. आजही जगभरचे अभ्यासक हा मासा ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखतात. म्हणजे ज्या नदीवरून मी काचा वर करून जातो, तिने जगाला एक मासा आणि त्याचं नाव दिलं आहे. महसीरला वाहतं, स्वच्छ, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. शहरातल्या मुठेत तो आता कुठे शोधणार?

नदी खराब झाली म्हणून आपण लांब गेलो, हे खरंच आहे. पण आपण लांब गेलो म्हणून तिच्याकडे बघणारं कोणी उरलं नाही, हेही तितकंच खरं आहे. पाण्याचा रंग कधी बदलला, फेस कुठून येतो, कोणता मासा दिसेनासा झाला, हे रोज काठावर बसणाऱ्याला आधी कळतं. आम्ही काठावरून उठलो आणि नदीने एक साक्षीदार गमावला.

साक्षीदार म्हणजे काय, ते कावेरीच्या गोष्टीवरून कळतं. १९७०च्या दशकात लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास सुरू झाली. धरणांमुळे वाट अडलेल्या माशासाठी हे मोलाचं काम होतं. पण त्यातली पिल्लं दुसऱ्या राज्यांतल्या नद्यांतही सोडली गेली, कावेरीतही. तिथे आधीपासून तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड आणि केशरी पर असलेला. जगात तो फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडतो. आपला निळ्या परांचा खुद्री तिथे वाढत गेला आणि केशरी महसीर कमी होत गेला. धरणं आणि वाळूउपसा हे घाव होतेच, पण अभ्यासकांनी या पाहुण्याकडेही बोट दाखवलं. २०१८ साली केशरी महसीरचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या प्राण्यांच्या यादीत गेला.

हे लक्षात कसं आलं? कावेरीकाठच्या एका कॅम्पवर गळ टाकणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात काय लागलं ते लिहून ठेवलं होतं. त्या वह्यांमधून. गळवाल्यांना मोठा मासा हवा, या हौसेचाही नदीत बाहेरचे मासे सोडण्याला हातभार लागतो. आणि त्याचे परिणाम ज्यांच्यामुळे कळले, तेही गळवालेच होते. फरक एवढाच की ते त्याच पाण्याकडे पुन्हा पुन्हा गेले आणि त्यांनी नोंदी ठेवल्या.

कुणी म्हणेल, रविवारच्या विरंगुळ्यावर एवढं ओझं कशाला? घाण दुसऱ्यांनी करायची आणि ती बघत आम्ही बसायचं? आक्षेप बरोबर आहे. घाणेरड्या नदीतला मासा खा, असं मी म्हणतही नाही. बंधाऱ्याखाली संध्याकाळच्या कालवणासाठी गळ टाकणारा माणूस मला दिसतो. त्याच्याकडे निवड नाही. माझ्याकडे आहे, म्हणून प्रश्न मला आहे.

आणि जवळच्या पाण्याची ओळख असली की गळ कधी टाकायचा नाही, तेही कळतं. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. पोटात अंडी असलेले हे मासे तेव्हा अगदी सहज हाती लागतात. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पण ओढ्याकाठी आपल्याला थांबवायला बहुधा कोणी नसतं. थांबायचं आपणच. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात महसीर आहेत आणि ते कुणी धरत नाही, कारण ते देवीचे. देवी मानायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ‘इथे नाही’ असं एका गावाने मिळून ठरवलं आणि पाळलं, हे मला मोठं वाटतं.

आता मी एकच पाणी धरलं आहे. शहराच्या वरच्या अंगाला, घरापासून चाळीस मिनिटांवर, मुठेचाच एक पट्टा. पावसाळ्यात रॉड माळ्यावर असतो. धरणावर गेलोच, तर आधी सोसायटीच्या माणसाला भेटतो, पैसे सांगितले तर भरतो, नको म्हणाला तर परत येतो. वहीत तारीख, पाण्याचा रंग आणि लागलेला मासा लिहितो. बहुतेक पानांवर चिलापीच आहे, म्हणजे तीही इथली नव्हे, आफ्रिकेतून आणलेली. काही पानांवर फक्त ‘फेस’ एवढंच आहे.

ग्रुपवर अजूनही शनिवारी “उद्या कुठे?” येतं. मी लिहितो, “तिथेच.” मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, “तिथे लागतं तरी काय?” मी त्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. रविवारी सकाळी तो माझ्या आधी काठावर येऊन बसला होता.