नांवें कोणाचीं लिहावीं?

खेड्यांतला मनुष्य मुंबईस गेला म्हणजे अपोलो बंदरावरची मोठी कमान पाहतो, राणीची बाग पाहतो आणि परत येतो. त्या कमानीपासून दक्षिणेस कुलाब्याच्या टोंकाकडे गेल्यास उंच मनोऱ्याचें एक उपासनामंदिर लागतें, तें मात्र पाहावयाचें राहून जातें. हें मंदिर योहान सुवार्तिकाच्या नांवाचें. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. त्याचा पाया ४ डिसेंबर १८४७ रोजीं घातला गेला व समर्पण ७ जानेवारी १८५८ रोजीं झालें. मनोरा मागाहून, १८६५ सालीं पुरा झाला.

रशिया हिंदुस्थानाकडे सरकत आहे, या भीतीनें कंपनी सरकारनें १८३८ सालीं पश्चिमेकडे हात पसरले. मुंबईची फौज गलबतांतून सिंधच्या किनाऱ्यास उतरली, बोलन घाटांतून कंदाहारास गेली आणि १८३९ च्या जुलईंत गझनी घेण्यांत तिचाही हात होता. पुढें जानेवारी १८४२ मध्यें काबुलाहून माघार घेणारे सुमारें ४,५०० सैनिक व १२,००० बाजारबुणगे बर्फानें, उपासानें व हल्ल्यांनीं बहुतेक सर्व नाहींसे झाले. (बाजारबुणगे हा शब्द आपल्याच मराठीचा, आणि त्यांत तुच्छता किती भरली आहे पाहा! हे म्हणजे भिस्ती, आचारी, उंटवाले, त्यांच्या बायका व मुलें.) १८४३ सालीं सिंध प्रांत मात्र खालसा झाला. तो जिंकणारे सर चार्लस नेपियर यांनीं, तो घेण्याचा आपणांस हक्क नाहीं, असें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें होतें, तरी घेतलाच.

या मोहिमांत जे मेले त्यांचें हें मंदिर स्मारक आहे. अंमलदारांचीं नांवें भिंतीवर कोरलीं आहेत. खालचे नाईक व साधे शिपाई यांच्याविषयीं स्मारकलेखांत एवढेंच म्हटलें आहे कीं, ते इतके पुष्कळ होते कीं त्यांचीं नांवें तशीं नोंदवितां आलीं नाहींत. बाजारबुणग्यांचा तर उल्लेखही नाहीं, आणि आपल्याच देशांत मारले गेलेले सिंधी व अफगाण हे कोणाच्या भिंतीवर यावे?

यावर इंग्रजांनाच दोष देऊन मोकळें होतां येणार नाहीं. १७६१ सालीं पानिपताचा मोड झाल्याची बातमी नानासाहेब पेशव्यांस कळली ती अशी, कीं दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाहीं. मोत्यें म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, हें प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असतें. खुर्दा म्हणजे कोण, हें कोणी विचारीत नाहीं. आपल्यांतील कित्येकांचे वाडवडील त्या खुर्द्यांतलेच असतील.

कोणी म्हणेल, भिंत किती मोठी बांधावी? शंका रास्त आहे. पण पुण्याजवळ भीमेकांठीं कोरेगांवास १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो खांब आहे, त्यावर शिपायांचीं नांवें आहेत, व त्यांत शेवटीं ‘नाक’ असलेलीं महारांचीं पुष्कळ आहेत. तो खांबही कंपनीच्या जयाचाच, आणि तेथील मेलेले थोडे होते, हें खरें. तरी अफगाणिस्तानांत गेलेल्या प्रत्येक शिपायाचें नांव पगारासाठीं हजेरीपटावर होतेंच. पगार वांटतांना जी नांवें फार होत नाहींत, तीं भिंतीवर फार कां व्हावीं? ज्या योहानाच्या नांवानें हें मंदिर उभें आहे, त्याच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतला मेंढपाळ तर प्रत्येक मेंढरास नांवानें हाक मारतो.

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. तो शिपाई पगारासाठीं परमुलखावर चालून गेला. त्याचें नांव देवाच्या घरांत लिहिणें म्हणजे त्या अन्यायास मान देणें नव्हे काय? अंमलदारांच्या नांवांनाही हाच प्रश्न लागतो, पण तो कोणी विचारिला नाहीं. मला वाटतें, नांव लिहिणें आणि गौरव करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळीच्या मृतांच्या नोंदवहींत आपण केवळ सज्जनांचींच नांवें लिहीत नाहीं. जो मेला त्याचें लिहितों, गांव लिहितों, आणि ठाऊक असल्यास बापाचें नांवही.